ताई, चेहऱ्याला काय लावू?

तुम्ही वाचकांनी पाठवलेले या वेळचे प्रश्न एकापाठोपाठ एक वाचले आणि एक गोष्ट जाणवली, काय लावू हे सगळेच विचारतात, काय बंद करू हे कुणीच विचारत नाही. पार्लरमध्येही तेच, खुर्चीत बसल्या बसल्या पहिला प्रश्न 'काय लावू'. म्हणून आधीच सांगून ठेवते, यावेळी माझ्या उत्तरांत 'बंद करा' हेच जास्त येईल. आणि मी एस्थेटिशियन आहे, म्हणजे पार्लरमध्ये त्वचेची निगा राखणारी, स्किनची डॉक्टर नाही, त्यामुळे जिथे डॉक्टरांचं काम आहे तिथे मी डॉक्टरांकडेच पाठवणार, आणि तिथे खरंच जा, 'बघू पुढच्या महिन्यात' करू नका.

प्रश्न : ताई, मी वारज्याहून विमाननगरला रोज स्कूटीने जाते. वय 24. सनकोट, स्कार्फ, हेल्मेट सगळं घालते तरी हनुवटीवर आणि जॉलाइनला सारखे पिंपल्स येतात. धुळीमुळे असेल म्हणून दिवसातून पाच वेळा फेसवॉशने धुते, एक दिवसाआड अक्रोडाचा स्क्रब करते, तरी कमी होत नाहीत, आता तर चेहरा धुतला की ओढल्यासारखा होतो आणि तासाभरात परत तेलकट. काय लावू?

तुझं अर्धं उत्तर तुझ्याच पत्रात आहे गं. पिंपल्स कपाळावर नाहीत, नाकावर नाहीत, बरोबर जिथे स्कार्फची गाठ बसते आणि वरून हेल्मेटचा पट्टा आवळला जातो तिथेच आहेत. घाम, उष्णता आणि सतत घासणारं कापड हे तिन्ही एकत्र आलं की केसांच्या मुळाशी असलेली छिद्रं सुजतात आणि बंद होतात. आता एक काम कर, तुझा रोजचा स्कार्फ उजेडात धर आणि जो भाग हनुवटीवर येतो तो बघ. माझ्याकडे मुली येतात तेव्हा मी हे मुद्दाम करायला लावते, स्कार्फ वरून छान दिसतो आणि आतल्या बाजूला घडीवर पिवळट-तपकिरी पट्टा असतो, सनस्क्रीन, फाउंडेशन, घाम आणि तेल यांचा मिळून झालेला, आणि तोच पट्टा रोज सकाळी परत त्याच जागी बांधला जातो. चार-पाच सुती स्कार्फ ठेव आणि रोज एक धुवायला टाक. सिंथेटिक नको, घाम शोषतच नाही. हेल्मेटचं आतलं अस्तर निघत असेल तर तेही आठवड्याला धू, पट्टा ओल्या फडक्याने पुसून घे. गाठ हनुवटीखाली आवळण्यापेक्षा मागे मानेवर नेऊन बांध.

आता धुण्याचं. दिवसातून पाच वेळा खूप झालं. आपल्या त्वचेचा पीएच साधारण 5 च्या आसपास असतो, म्हणजे किंचित आम्ल, आणि साध्या अंगाच्या साबणाचा 9-10. फेसवॉश साबणापेक्षा सौम्य असला तरी पाच वेळा लावला की त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरातली स्निग्धता धुऊन जाते, आणि ती गेली की पाणी टिकत नाही, चेहरा ओढतो, आग होते, पिंपलचं औषध लावलं तरी सहन होत नाही. पिंपल म्हणजे चेहरा अस्वच्छ असल्याची खूण नाही, हे प्लीज डोक्यात पक्कं कर, कारण निम्म्या मुली याच समजुतीने चेहरा सोलून काढतात. पिंपल छिद्राच्या आत तयार होतं, तिथे तेल आणि मेलेल्या पेशी अडकतात, वरून अक्रोड घासून आतलं काही बाहेर येत नाही, उलट सुजलेलं फुटतं आणि डाग राहतो. आपल्या रंगाच्या त्वचेवर पिंपल दोन आठवड्यांत जातं पण डाग महिनोन्‌महिने राहतो.

तर स्क्रब आजपासून बंद. सकाळी नुसतं पाणी किंवा अगदी सौम्य फेसवॉश, संध्याकाळी घरी आल्यावर एकदा नीट धुणं, मध्ये ऑफिसला पोचल्यावर फार घाम असेल तर साध्या पाण्याने चेहरा ओला करून टिपून घे, पुसू नको, टिप. रात्री 2 टक्के सॅलिसिलिक ॲसिडचं काहीतरी एक, सुरुवातीला आठवड्यातून तीनदाच, आणि त्यावर जेल टाइप मॉइश्चरायझर. हो, तेलकट त्वचेलाही मॉइश्चरायझर लागतं. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, त्याच्या आधी प्रॉडक्ट बदलायचं नाही, मैत्रिणीने काहीही सांगितलं तरी. बेंझॉइल पेरॉक्साइड हे पिंपलचं दुसरं औषध वापरलंस तर 2.5 टक्के पुरे, आणि लक्षात ठेव त्याने कापडाचा रंग उडतो, आवडता स्कार्फ आणि उशीचा अभ्रा दोन्ही जातील.

अजून एक. पाळीच्या आधीच्या आठवड्यात हे वाढत असेल, पाळी पुढे-मागे होत असेल, हनुवटीवर जाड केस येत असतील तर स्कार्फ आणि फेसवॉशमध्ये अडकू नको, गायनॅककडे जाऊन पीसीओडीची, म्हणजे बीजांडकोश आणि हार्मोनच्या बिघाडाची, तपासणी करून घे. गाठीसारखे दुखरे फोड असतील तर स्किनच्या डॉक्टरांकडेच, ते खड्डे ठेवून जातात आणि खड्डे भरणं फार अवघड आणि महाग.

प्रश्न : मेडिकलमधून मिळालेली क्रीम वर्षभर रोज रात्री लावत होते. पहिल्या महिन्यात चेहरा इतका छान उजळला की बहिणीलाही दिली. आता चेहरा लाल होतो, उन्हात गेलं की आग, गालावर बारीक केस आलेत आणि एक दिवस नाही लावली की पुरळ उठतं. फेशियल करून बरं होईल का? (सिंहगड रोड)

नाही. फेशियल नाही, ब्लीच नाही, क्लीन-अप नाही, कुणाकडेही नाही, माझ्याकडे आलात तरी मी हात लावणार नाही. हा प्रश्न मला दर महिन्याला कुणीतरी विचारतंच आणि प्रत्येक वेळी पोटात तुटतं, कारण यात बाईचं काहीच चुकलेलं नसतं, दुकानदाराने 'सगळे हीच नेतात' म्हणून दिलेली असते.

तुम्ही जे लिहिलंय ते स्टेरॉइड असलेल्या क्रीमचं वर्णन आहे. पर्समधली ट्यूब काढून बघा. बहुतेक वेळा नावाचा भाग दाबून दाबून खरवडलेला असतो, पण ट्यूबच्या शेपटीकडे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, मोबाइलने फोटो काढून मोठं करून वाचा. बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन यातलं काही दिसलं तर ते स्टेरॉइड. कधी त्यासोबत हायड्रोक्विनोन (डाग फिके करणारं औषध) आणि ट्रेटिनॉइन (अ जीवनसत्त्वाच्या जातीचं औषध) असतं, ती तिघांची मिळून केलेली क्रीम डॉक्टर वांगासाठी थोड्या आठवड्यांपुरती, स्वतः लक्ष ठेवून देतात. कधी बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिकसोबत स्टेरॉइड असतं, ती तर खाजेची क्रीम, चेहऱ्याशी तिचा काही संबंधच नाही. स्टेरॉइड हे वाईट औषध नाही, एक्झिमाला, ॲलर्जीला त्याने चटकन आराम पडतो. पण रोज, महिनोन्‌महिने, चेहऱ्यावर, रंग उजळायला म्हणून लावलं की त्वचा पातळ होते. लॅम्पखाली असा चेहरा बघितला की गालावर बारीक बारीक लाल रेषा दिसतात, कागदाखालून रेघा दिसाव्यात तशा, त्या रक्तवाहिन्या असतात. मग लाली, आग, पिंपल्ससारखे पुरळ, केस, आणि क्रीम सोडली की सगळं दुप्पट उसळतं म्हणून बाई परत लावते. हे इतकं सर्रास आहे की आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांनी त्याला 'टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस' असं वेगळं नावच दिलंय. 2018 साली सरकारने अशी बरीच स्टेरॉइड क्रीम शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, तरी काउंटरवर काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितीये.

आता काय करायचं. ट्यूब फेकू नका, ती घेऊन स्किनच्या डॉक्टरांकडे जा, याच आठवड्यात. खासगी परवडत नसेल तर पुण्यात ससून या सरकारी हॉस्पिटलमध्ये त्वचा विभागाची ओपीडी आहे. एकदम बंद करायची की हळूहळू हे डॉक्टर ठरवतील, कारण काहींना एकदम सोडल्यावर चेहरा खूप सुजतो. मधल्या काळात बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर, टोपी, सावली, आणि सहन होत असेल तर झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. कोरफड, हळद, लिंबू, गुलाबपाणी काहीही नको, या अवस्थेत नैसर्गिक गोष्टीसुद्धा झोंबतात. बरं व्हायला महिने लागतात आणि मधला काळ फार अवघड जातो, आरसा नकोसा होतो, घरचे म्हणतात 'आधी बरी दिसत होतीस'. सोडू नका. आणि बहिणीला आजच फोन करा.

यालाच जोडून, बाजारात डबीत मिळणारी, धड लेबल नसलेली, 'सात दिवसांत गोरेपण' वाली क्रीमं. त्यात पारा सापडलेला आहे. 2023 मध्ये केरळात मलप्पुरमला अशी क्रीम वापरणाऱ्या रुग्णांच्या किडन्यांना त्रास झाल्याचं डॉक्टरांच्या लक्षात आलं आणि त्याच सुमाराला आपल्या अकोल्यात एकाच घरातल्या तिघींचं तसंच झालं. पारा त्वचेतला रंग तयार होणं अडवतो म्हणून चेहरा उजळतो, आणि तोच पारा त्वचेतून रक्तात जाऊन किडनीला धरतो. अशी डबी घरात असेल तर वापर थांबवा, आणि पायावर सूज किंवा लघवीला फेस दिसत असेल तर लगेच डॉक्टरांना डबीसकट दाखवा.

प्रश्न : मी हिंजवडीला आयटीत आहे, सकाळी नऊला एसीत शिरते ती रात्रीच बाहेर. मला सनस्क्रीनची गरज आहे का? आणि एसपीएफ 30 घेऊ की 50? पांढरं पांढरं दिसतं म्हणून लावायचा कंटाळा येतो.

बसताय कुठे त्यावर आहे. काचेच्या मोठ्या भिंतीशेजारी डेस्क असेल तर हो. उन्हातल्या अतिनील किरणांचे यूव्हीबी आणि यूव्हीए असे दोन प्रकार त्वचेपर्यंत पोचतात, काच यूव्हीबी जवळजवळ अडवते पण यूव्हीए बराचसा आत येतो, आणि टॅन, डाग, सुरकुत्या यात त्याचा मोठा वाटा आहे. काचेपासून लांब, ट्यूबलाइटखाली बसत असाल तर सकाळी घरातून निघताना एकदा नीट लावलं तरी पुष्कळ.

30 की 50 यात जीव घालवू नका. 30 साधारण 97 टक्के यूव्हीबी अडवतं, 50 साधारण 98 टक्के. खरा फरक पडतो तो किती लावता त्यात. डब्यावरचा आकडा मोजतात तेव्हा दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम लावून मोजतात, म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट यांच्यावर दोन लांब रेघा, एवढं चेहरा आणि मानेला. बहुतेकजणी मटाराएवढं लावतात आणि म्हणतात सनस्क्रीन चालत नाही. यूव्हीबीसाठी एसपीएफ बघायचं आणि यूव्हीएसाठी पीए, ही पद्धत जपानची, त्यापुढे तीन किंवा चार अधिकची चिन्हं असलेलं घ्या. बाहेर उन्हात असाल तर दर दोन तासांनी परत.

पांढरं दिसतं ते झिंक किंवा टायटॅनियमवाल्यात. टिंटेड घ्या किंवा जेल टाइप घ्या, जे रोज लावावंसं वाटेल तेच चांगलं सनस्क्रीन, किंमत त्यानंतर. दोन रेघा एकदम फासण्याऐवजी एक रेघ लावा, मिनिटभर थांबा, मग दुसरी. आणि पावसाळ्यात बंद करू नका, ढगांतूनही बरेच किरण येतात. स्कार्फवाल्या मुलींसाठी तेच, पातळ सुती कापडाचं संरक्षण एसपीएफसारख्या मापात 5 ते 7 एवढंच असतं, भिजल्यावर अजून कमी, तेव्हा आतून सनस्क्रीन लावूनच स्कार्फ बांधा.

प्रश्न : वय 61. चाळीस वर्षं टिकली लावतेय. आता कपाळावर टिकलीच्या जागी बरोबर तेवढाच गोल पांढरा डाग पडलाय. कोड तर नाही ना, या भीतीने झोप लागत नाही. लोक बघतील म्हणून त्याच्यावर मोठी टिकली लावते. (सदाशिव पेठ)

काकू, आधी ती मोठी टिकली काढा, आजच. तुमचा डाग बरोबर टिकलीच्या आकाराचा आहे यावरून दाट शक्यता अशी की तो टिकलीच्या गोंदामुळे आहे. काही चिकट टिकल्यांच्या गोंदात पॅरा टर्शरी ब्यूटिल फिनॉल नावाचं रसायन असतं आणि ते काहीजणींच्या त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशींना मारतं. सगळ्यांना होत नाही, जिला होतं तिला वर्षानुवर्षं वापरल्यावरही होतं. आधी खाज, मग लाली, मग पांढरं, कधी खाज न येता थेट पांढरंच. तुम्ही वर अजून मोठी टिकली लावताय म्हणजे तेच रसायन आता मोठ्या जागेवर जातंय.

स्किनच्या डॉक्टरांना दाखवा म्हणजे कोड आहे की गोंदाचा परिणाम हे ते बघून सांगतील. गोंद थांबवल्यावर काहीजणींचा रंग औषधाने हळूहळू परत येतो, काहींचा पूर्ण येत नाही, लवकर थांबवलं तर शक्यता जास्त. आणि समजा कोडच निघालं तरी ते संसर्गाने पसरत नाही, शिवल्याने लागत नाही, औषधं आहेत, हे आधी घरच्यांना सांगा.

कपाळ मोकळं ठेवायचं नसेल तर त्या डागाची जागा सोडून थोडं वर, ओलं कुंकू किंवा पूर्वी लावायचे तसं मेण आणि कुंकू, पण आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला तीन-चार दिवस लावून बघा, कारण कुंकवातल्या रंगाचीही काहींना ॲलर्जी असते. डागावर सनस्क्रीन मात्र लावाच, तिथे रंग नसल्यामुळे ऊन पटकन भाजतं. बाकीच्या सगळ्यांनाही सांगते, टिकली झोपताना काढायची, रोज त्याच बिंदूवर चिकटवायची नाही, आणि खाज आली की ती टिकली सोडायची, ब्रँड कितीही जुना असो.

प्रश्न : दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर वांग आलेत. सासूबाई जायफळ उगाळून लावायला सांगतात, आई लिंबू आणि मध, शेजारच्या वहिनी बटाट्याची चकती. बाळ पाच महिन्यांचं आहे, अंगावर पितं. कशाने जाईल? (हडपसर)

तिघीही मायेनेच सांगताहेत पण लिंबू अजिबात नको. लिंबाच्या रसाचा पीएच 2 च्या आसपास, चेहऱ्याला झोंबतो, आणि लिंबातली काही द्रव्यं त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे काळे चट्टे पडू शकतात, वांग राहिलं बाजूला. जायफळ दगडावर उगाळून लावलं की खरखरीत, त्यात आपण ते चोळतो, आणि चोळण्याने वांग गडद होतं. बटाट्याने काही बिघडत नाही, फायदाही होत नाही.

वांग हे हार्मोन आणि ऊन या दोघांचं काम, घरात आई-मावशीला असेल तर अजून. यात साबणाचा दोष नाही, तुमचा तर नाहीच. काहींचे बाळंतपणानंतर वर्षभरात आपोआप फिके होतात. वांगाला डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही त्रास होतो, म्हणून साध्या सनस्क्रीनपेक्षा आयर्न ऑक्साइड असलेलं टिंटेड सनस्क्रीन घ्या, ट्यूबवर घटकांत बघून. बाळाला घेऊन गच्चीत कोवळ्या उन्हात बसता तेव्हाही लावा आणि डोक्यावर पदर घ्या. गॅससमोर खूप वेळ तोंड तापवू नका, भाकऱ्यांच्या वेळी खिडकी उघडी, एक्झॉस्ट सुरू. सौम्य मॉइश्चरायझर, बस.

अंगावर पाजताना रेटिनॉल (हेही अ जीवनसत्त्वाच्या जातीचं), हायड्रोक्विनोन स्वतःच्या मनाने सुरू करायचं नाही. ॲझेलेइक ॲसिड या काळात साधारण चालतं असं मानतात पण तेही डॉक्टरांना विचारून. आणि एक खरं सांगते, वांग फिके होतात पण ऊन लागलं की परत येतात, म्हणून 'कायमचे घालवून देतो' म्हणून हजारोंचं पॅकेज कुणी गळ्यात मारत असेल तर उठून या. पार्लरमध्ये वांगावर ब्लीच कुणी करू म्हणालं तरी उठून या.

प्रश्न : तुळशीच्या लग्नानंतर लगेच माझं लग्न आहे, जेमतेम तीन आठवडे राहिलेत. ग्लो यायला कोणतं फेशियल करू? सध्या रात्री रेटिनॉल लावते. लग्नाच्या आधी फेस वॅक्सही करायचंय.

अभिनंदन गं! आणि बरं झालं विचारलंस, कारण तू रेटिनॉल लावतेस हे तू वॅक्सवालीला सांगितलंच नसतंस, कुणीच सांगत नाही. रेटिनॉलने वरचा थर नाजूक होतो, त्यावर वॅक्सची पट्टी ओढली की केसांबरोबर त्वचा निघते, अपरलिपवर ओला लाल पट्टा आणि मग तिथे काळा डाग, आणि तो फोटोत मेकअपखालूनही दिसतो. वॅक्सच्या किमान एक आठवडा आधी रेटिनॉल बंद, त्याच जातीची ट्रेटिनॉइन किंवा ॲडापॅलिन ही औषधं असतील तर डॉक्टरांना विचारून. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर वॅक्स नाहीच, गोळ्या संपल्यावरही सहा महिने नाही. मला विचारशील तर चेहऱ्याला वॅक्स नकोच, थ्रेडिंग कर, आणि तेही लग्नाच्या तीन दिवस आधी, आदल्या दिवशी नाही.

फेशियलचं म्हणशील तर यापूर्वी केलेलं आणि सोसलेलं असेल तेच, लग्नाच्या सात ते दहा दिवस आधी, एकदाच. पूर्वी केलंच नसेल तर आत्ता नवीन काही नको, ना गोल्ड, ना डायमंड, ना पील. आपल्याला ॲलर्जी आहे हे कळायची ही वेळ नाही. तीन आठवड्यांत जे खरंच दिसतं ते असं, सौम्य धुणं, दिवसातून दोनदा मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, आणि झोप, जी तुला कुणी मिळू देणार नाही पण मागून घे. त्या दिवसांत पुण्यात थंडी पडायला लागते, हवा एकदम कोरडी होते, चेहरा कोरडा असेल तर मेकअप तडकतो, त्यामुळे मॉइश्चरायझर ओल्या चेहऱ्यावर लाव.

हळदीचं, घरची दळलेली किंवा खात्रीच्या दुकानातली हळद घ्या, रंगीत सुवासिक पावडर नको. चेहऱ्यावर फुटलेलं पिंपल असेल तर तिथे आधी व्हॅसलिनचा पातळ थर, आणि मामे-चुलत बहिणींना सांगून ठेव, गालाला बोट लावायचं, रगडायचं नाही.

प्रश्न : वाघोलीच्या सोसायटीत राहायला आलो तेव्हापासून सगळ्यांची त्वचा कोरडी, केस राठ. टँकरचं पाणी येतं. नळाला लावायचा फिल्टर घेऊ का? आणि दिवाळीचं उटणं रोज लावलं तर चालेल का?

टँकर आणि बोअरचं पाणी बऱ्याचदा जड असतं, कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त, आणि ते साबणाशी मिळून चिकट साका तयार करतं, बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो ना, तोच अंगावरही राहतो. नळाला लावायचे छोटे फिल्टर गाळ आणि क्लोरिन थोडं कमी करतात, जडपणा फारसा नाही, त्याला सोसायटीलाच सॉफ्टनर बसवावा लागतो, मीटिंगमध्ये विषय काढा. तोवर साबणाऐवजी साबणविरहित क्लिन्झर, कोमट पाणी, कडकडीत नाही, आणि टॉवेलने टिपल्यावर तीन मिनिटांच्या आत मॉइश्चरायझर. केस शेवटी एक तांब्या आरओच्या पाण्याने धुवून घ्या.

उटणं दिवाळीतच छान. वासच असा असतो की नाही म्हणवत नाही, पण रोज नको, भरड असतं, कोरड्या त्वचेला घासलं जातं. लावाल तेव्हा दूध किंवा साय आणि तेलात कालवा, हलक्या हाताने.

प्रश्न : मुलगी 14 वर्षांची आहे. मान मागून काळी, जाडसर झालीय, काखेतही. रोज लूफाने घासते, लिंबू आणि बेकिंग सोडा लावून झाला, जातच नाही. शाळेत मुली चिडवतात. (पिंपळे सौदागर)

ताई, लूफा आजपासून बंद, सोडा बंद, लिंबू बंद. हा मळ नाही. मळ असता तर साबणाच्या पहिल्या धुण्यात गेला असता. मखमलीसारखी जाड, काळपट मान आणि काख, याला अँकँथोसिस नायग्रिकन्स म्हणतात, आणि बहुतेक वेळा शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही त्याची ही बाहेर दिसणारी खूण असते. वजन वाढलेल्या मुलांत जास्त दिसतं, पुढे डायबिटीसची शक्यता असते, मुलींमध्ये पीसीओडीही. म्हणजे मान आपल्याला वेळेवर सांगतेय असं समजा आणि तिला मुलांच्या डॉक्टरांकडे न्या, उपाशीपोटी साखर, एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) वगैरे काय तपासायचं ते ते ठरवतील. आजी-आजोबांना डायबिटीस असेल तर तेही सांगा. वजन थोडं जरी उतरलं आणि रोज खेळणं-चालणं झालं तर मानेचा रंग हळूहळू उतरतो.

घासल्याने ती अजून जाड आणि काळी होते, सोड्याने आग होते, आणि त्याहून वाईट म्हणजे मुलीला वाटतं आपण घाणेरड्या आहोत. तिला तुम्ही स्वतः शांतपणे सांगा की हे धुण्याने जाणारं नाहीच, तू नीट आंघोळ करतेस. वर्गशिक्षिकांना भेटून चिडवण्याचंही सांगा. मानेला साधं मॉइश्चरायझर चालेल, उजळवणारं क्रीम नको, वरची सिंहगड रोडची चिठ्ठी परत वाचा.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगला आहे. मुलांचे प्रश्न घेता का? दाढी केली की गळ्यावर लाल फोड येतात.

घेते की रे. केस वाकडे उगवून परत त्वचेत शिरतात त्याने होतं, कुरळे केस असतील तर जास्त. आंघोळीनंतर दाढी कर, म्हणजे केस मऊ असतात. फोम किंवा जेल लावून दोन मिनिटं थांब. ब्लेड केसांच्या दिशेने फिरव, गळ्यावर केस कुठल्या बाजूला जातात ते आधी बोटाने बघ, तिथे दिशा बदलते. त्वचा ताणून अगदी गुळगुळीत करायचा हट्ट नको, त्याच जागी पुन्हा पुन्हा ब्लेड नको. नंतर तुरटी किंवा झोंबणारं आफ्टरशेव्ह न लावता मॉइश्चरायझर लाव. फोड नखाने किंवा पिनने फोडू नको. तरी येत राहिले तर रेझर बाजूला ठेवून ट्रिमर घे आणि एक मिलिमीटर दाढी राहू दे. हॉस्टेलवर रूममेटचा रेझर वापरत असशील तर तो आजच थांबव.